गाठ

मराठवाड्यातल्या आमच्या शाळेत झेंडावंदन वर्षातून चार वेळा होई. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते बोटं मोजतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट... चौथं कुठलं? चौथं आपलं, १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

१९९९ साली मी आठवीत होतो. पीटीच्या सरांनी झेंडा बांधायचं काम माझ्याकडे दिलं. कपाटातून झेंडा काढण्याआधी ते मला हात धुवायला लावत. "नांदेडची खादी आहे ही, आपल्या माणसांनी केलेली," असं दर वेळी सांगत. मग पाकळ्या ठेवायच्या आणि एका झटक्यात सुटेल अशी सरकगाठ मारायची.

एकदा त्यांनी झेंडा खिडकीसमोर धरला आणि मला मागच्या बाजूने बघायला सांगितलं. "काही फरक दिसतो?" काहीच नव्हता. चळवळीतल्या झेंड्यावर चरखा होता. चरख्याला एका अंगाला चाक, दुसऱ्या अंगाला चाती. मागून पाहिलं की सगळं उलट. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत झेंड्याचा ठराव मांडताना नेहरूंनी ही अडचण बोलून दाखवली होती. म्हणून चाक तेवढं ठेवलं आणि त्याला सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचं रूप दिलं. चोवीस आरे मी बोटाने मोजले. रंगांचे अर्थ तर पाठच होते. पण त्याच सभेत राधाकृष्णन यांनी सांगितलेला हिरव्याचा अर्थ मला सगळ्यांत जवळचा वाटतो: मातीशी आणि तिच्यात उगवणाऱ्या हिरवाईशी आपलं नातं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

त्या १७ सप्टेंबरला पहाटेपासून पाऊस होता. दोरी भिजून फुगली आणि मी मारलेली गाठ आवळून बसली. पाहुणे म्हणून आलेल्या वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिकांनी दोरी ओढली. झेंडा सुटेना. पुन्हा ओढली. सगळी शाळा सावधानमध्ये उभी. सरांनी झेंडा हळूहळू खाली घेतला आणि मला बोलावलं. माझी बोटं थरथरत होती, नख गाठीत शिरत नव्हतं. तेवढ्यात पाठीवर हात पडला.

"सावकाश रे बाळा. दिल्लीत झेंडा लागला तवा हितं निजामाचं राज्य होतं. हातात तिरंगा दिसला की पोलीस उचलून न्यायचे. आम्ही तेरा महिने थांबलो. आज दोन मिनिटं थांबू."

गाठ सुटली. मी ती नव्याने मारली, सैल. झेंडा वर गेला आणि उघडला. ओल्या पाकळ्या उडाल्या नाहीत, निम्म्या कापडालाच चिकटून राहिल्या. राष्ट्रगीत संपलं तरी आजोबांचा सलामीचा हात खाली आला नव्हता.

संध्याकाळी सरांनी झेंडा माझ्याच हातात दिला, सावलीत वाळवायला. एका शब्दाने रागावले नाहीत. दहावी सुटेपर्यंत ती गाठ मीच बांधली.