तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी पद्मिनी जशीच्या तशी का ठेवली नाही?

माझी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, ठाण्यात कुठेही उभी केली की दोन-चार माणसे थांबून तिच्याभोवती एक फेरी मारतात, आणि त्यांतल्या एकाला तरी पुढच्या सलग सीटच्या जागी बसवलेल्या वेगळ्या सीट किंवा पुढच्या चाकांमागचे डिस्क ब्रेक दिसतात. मग प्रश्न येतो, "एवढी मेहनत घेऊन गाडी उभी केलीत, तर कंपनीतून आली तशीच का ठेवली नाहीत?" विचारणाऱ्यांत फियाटवर मनापासून जीव असलेली माणसे पुष्कळ असतात, म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले.

मला ही गाडी घेऊन घाट ओलांडून दूर जायचे असते, आणि जमेल तेव्हा ऑटोक्रॉसच्या, म्हणजे घड्याळ लावून गाडी चालवायच्या स्पर्धेच्या, मैदानातही उतरायचे असते. या दोन कामांसाठी जे बदलणे भाग होते ते मी बदलले. बाकीच्या गाडीला हात लावला नाही, आणि जे काढले ते फेकले नाही. डायनॅमो (वीज तयार करणारा), जुना मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलमधून ब्रेकपर्यंत पोचवणारा), पुढचे ब्रेकचे ड्रम हे सगळे तेलाच्या फडक्यात गुंडाळून घरच्या माळ्यावर ठेवले आहे.

सुरुवात मात्र बदलांपासून होत नाही, ती पत्र्यापासून होते. फियाट ११०० च्या घराण्यातल्या या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे फ्लोअर, दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) आधार सडले असतील तर वरून कितीही चकचकीत रंग दिला तरी गाडी आतून मोडलेलीच राहते. ठाण्याची खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या जागा बरोबर शोधून काढतो. रबरी मॅट उचलली, खालचा डांबरी थर खरवडला आणि ड्रायव्हरच्या पायाशी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले, तर चांगला पत्रा टणकन वाजतो आणि सडलेला पत्रा बिनआवाजाचा आत जातो. अशा ठिकाणी लांबी (पुटी) भरून भागत नाही. सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करायचा आणि पोकळ भागांत आतून मेण किंवा गंजरोधक तेल सोडायचे. एकूण खर्चातला मोठा वाटा या कामाला गेला, आणि रस्त्यावर कौतुक करणाऱ्याला त्यातले काहीही दिसत नाही. जाता जाता एक सांगतो: पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घालू नका. आत कोंडलेली ओल पावसाइतकेच नुकसान करते.

त्यानंतर ब्रेक. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि माझ्या गाडीत चारही चाकांचे ब्रेक एकाच ऑइल लाइनवर होते. एका चाकाचा सिलिंडर किंवा एक होस फुटला की पेडल सरळ खाली जाते आणि हातात फक्त डॅशबोर्डखालचा ओढायचा हँडब्रेक उरतो. १९७९ च्या वाहतुकीत हे लोकांनी चालवून घेतले; आजच्या घोडबंदर रोडवर मी ते चालवून घेणार नाही. म्हणून दोन स्वतंत्र लाइन असलेला मास्टर सिलिंडर बसवला आणि पुढे डिस्क लावल्या. डिस्कचे कारण माळशेज घाटात समजते. ओतूरकडून मुरबाडच्या बाजूला उतरताना ब्रेक सतत वापरला तर ड्रम तापून फुगतो, ब्रेक शूपासून दूर जातो, अस्तराची पकडही कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. डिस्क उघड्यावर असते, ती लवकर थंड होते. अर्थात डिस्क असली तरी घाट उतरायचा तो खालच्या गिअरमध्ये आणि इंजिनच्या जोरावर, हा नियम आहेच. डिस्क बसवायचे ब्रॅकेट मात्र वागळे इस्टेटमधल्या लेथवर मापाने करून घेतले, कारण या जोडणीत अंदाजपंचे काम चालत नाही.

घाट चढताना प्रश्न उलटा असतो. मूळ पेट्रोल पंप इंजिनच्या ब्लॉकवरच बसवलेला आहे. उन्हाळ्यात कसाऱ्याच्या चढावर ट्रकमागे रखडत गेलात की पंपातले आणि पाइपमधले पेट्रोल उकळते, त्याची वाफ होते आणि वाफ पंपाला ढकलता येत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून वाट बघायचे, ते याचसाठी. आता बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने ही अडचण वाढली आहे. शिवाय इथेनॉल जुने रबर खराब करते, ओलावा ओढते आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) आणून टाकते. म्हणून टाकी आतून साफ केली, सगळे पाइप आणि डायफ्राम इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घातले, जेट किंचित मोठा केला आणि टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला. दाब कमीच हवा, कारण कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी झडप) इंजेक्शनच्या गाडीचा दाब पेलत नाही आणि पेट्रोल ओसंडते. अपघातात इंजिन बंद पडले तर पंपही बंद व्हावा, असा स्विच मी त्याला जोडला आहे आणि ज्यांना पंप बदलायचा आहे त्यांना मी तो स्विच आधी दाखवतो. पंप, रेडिएटरचा पंखा आणि चांगले दिवे एकदम चालायचे तर डायनॅमो पुरत नाही, त्यामुळे त्याहून जास्त वीज देणारा अल्टरनेटर ओघानेच आला.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेला वळणावळणाचा मार्ग घड्याळ लावून कमीत कमी वेळात पार करणे. अमेरिकेत तो डांबरी पटांगणावर शंकू मांडून होतो; आपल्याकडे तो बहुतेक मातीत होतो आणि त्याचे नियम व परवाने मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाकडे, म्हणजे एफएमएससीआयकडे असतात. चाळीसेक अश्वशक्तीची गाडी घेऊन तिथे काय करणार, असेही मला विचारतात. मी तिथे शिकायला जातो. पद्मिनीचा जोर मागच्या चाकांवर आहे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला आहे आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नाही. म्हणजे वळणात वेग गेला तर तो परत मिळवायला फार वेळ लागतो आणि पहिल्यात उतरणे सोपे नसते. सगळा मार्ग शक्यतो दुसऱ्या गिअरमध्ये काढायचा. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक मारायचा, वजन पुढच्या चाकांवर आले की स्टिअरिंग फिरवायचे आणि शेपूट सुटू लागली की ॲक्सिलरेटर एकदम न सोडता हलकेच धरून ठेवायचा. मागचे पाटे ढिले असतील तर नेमक्या याच क्षणी ॲक्सल थरथरू लागतो, म्हणून पाट्यांचे बुश आणि शॉकॲब्सॉर्बर नवे घातले. १४ इंची चाके तीच ठेवून रेडियल टायर घातले, आणि माझ्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फरक त्यांनीच पडला.

सीट बदलण्याचे कारणही इथेच आहे. सलग सीटवर डाव्या हाताच्या वळणात ड्रायव्हर दाराला चिकटतो आणि उजव्या वळणात शेजाऱ्याच्या मांडीकडे सरकतो. मग स्टिअरिंग फिरवण्याऐवजी तो त्याला लटकून बसतो. धरून ठेवणारी सीट आणि पट्टा नसेल तर बाकी कौशल्याचा उपयोग नाही. पट्ट्याचे बोल्ट नुसत्या पत्र्यात न बसवता मागून जाड पट्टी वेल्ड करून बसवावे लागतात, कारण ओढ लागली की पातळ पत्रा फाटतो.

इंजिन मात्र मूळचेच १०८९ सीसीचे आहे. याच कंपनीच्या ११८ एनई या गाडीचे निसानचे ११७१ सीसीचे इंजिन पद्मिनीत बसवणारे लोक आहेत, ते चांगले चालते आणि त्यांना मी नावे ठेवत नाही. मला ते नको होते. ब्लॉक बोर केला, नवे पिस्टन-रिंग घातले, डेल्को (स्पार्क प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर) दुरुस्त केला आणि टॅपेट बसवले की हे इंजिन दिवसभर आनंदाने चालते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे इंजिन बदलायचे तर आरटीओच्या परवानगीचा विषय येतो, आणि मला आरसीवरचा इंजिन नंबर गाडीशी जुळलेलाच हवा आहे.

काही जण पुढे विचारतात की पन्नास वर्षे झाली की तुम्ही व्हिंटेजची नोंदणी करणार का. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, पण बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत आणि ती गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला रविवारी पहाटे उठून मुरबाडच्या रस्त्याला लागायचे असते, म्हणून मी साध्या नोंदणीचे नूतनीकरणच करत राहणार आहे. ज्यांची गाडी अजून अस्सल मूळ रूपात आहे, रंगासकट, त्यांनी मात्र तिला काहीही करू नये आणि ही नोंदणी जरूर घ्यावी. तशा गाड्या फार थोड्या उरल्या आहेत आणि माझी गाडी हाती आली तेव्हा तशी नव्हती.

खरी काळजी सुट्या भागांची आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मुंबईची टॅक्सी होती, तोवर किंगपिन (पुढची चाके ज्यावर वळतात ती खीळ), क्लच प्लेट, ब्रेक शू गल्लोगल्ली मिळत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बंद झाली आणि तो रोजचा खप संपला. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या दुकानदारांकडे एखादा किंगपिनचा सेट दिसला की मी लगेच गरज नसली तरी घेऊन ठेवतो. तुमच्याकडे पद्मिनी असेल तर तुम्हीही घ्या, आणि दोन सेट मिळाले तर मला कळवा.