डोकं अजालाकडचं, पाय आपले

नायजेरियातल्या लागोसहून इबादानला आता रेल्वेनं जाता येतं, आणि ज्याला जमेल त्यानं रेल्वेनंच जावं. १५७ किलोमीटरचा हा नवा मार्ग २०२१ मध्ये रीतसर सुरू झाला. डबे थंडगार, गाडी बऱ्यापैकी वेळेवर. माझा धाकटा भाऊ लागोसच्या इलुपेजू भागात राहतो, तिथल्या कारखान्यांत आपली बरीच मंडळी आहेत. त्याच्या मते मी लागोसच्या बीचवर फिरावं, मॉलमध्ये जावं आणि सुखरूप परत जावं. पण मला इफा, म्हणजे इथल्या योरुबा लोकांची कौल पाहण्याची जुनी विद्या, बघायचं होतं. शेवटी त्याच्या ऑफिसातला एक मूळचा इले-इफेचा सहकारी सुट्टी काढून आमच्याबरोबर यायला तयार झाला. मग वहिनीनं डबाभर पराठे बांधून दिले आणि आम्ही निघालो.

इबादानचं स्टेशन गावाबाहेर मोनियाला आहे. तिथून गाडी ठरवली आणि गंजक्या पत्र्यांच्या छपरांचा तो अफाट पसारा मागे टाकत इले-इफे गाठलं. योरुबा लोकांच्या लेखी जग इथेच सुरू झालं. गावात ओरानमियान या दंतकथेतल्या राजाचा अठरा फुटी दगडी खांब आहे, नायजेरियातलं एक मोठं विद्यापीठ आहे, आणि ओके इतासेच्या टेकडीवर इफाचं मंदिर आहे. खांब आम्ही पाच मिनिटांत पाहिला. त्याच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

इफा म्हणजे नेमकं काय, हे लागोसमध्ये ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. चर्चला जाणारा म्हणतो अंधश्रद्धा, टॅक्सीवाला म्हणतो ज्योतिष. माझ्या समजुतीप्रमाणे तो आधी पाठांतराचा एक प्रचंड साठा आहे आणि मग बाकी सगळं. त्यात २५६ ओडू, म्हणजे अध्याय म्हणा. मुख्य सोळा आणि त्यांच्या जोड्या. प्रत्येक ओडूखाली पद्यांचा ढीग, आणि ही सगळी पद्यं तोंडपाठ. हे ज्याला येतं तो बाबालावो. युनेस्कोनं २००५ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशाच्या यादीत घेतलं. इफेच्या विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वांदे अबिंबोला हे स्वतः बाबालावो. त्यांनी ही पद्यं गोळा करून छापली, शिकवली, आणि पुढे सिनेटरही झाले. कुलगुरूच्या खुर्चीत बाबालावो, हे चित्र मला फार आवडलं. आपल्याकडे दशग्रंथी घनपाठी कुलगुरू झाल्याचं निदान मला तरी आठवत नाही.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते बाबा मात्र कुठल्याच यादीत नाहीत. पत्र्याचं घर, पुढे ओसरी, ओसरीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आमच्या सोबत्यानं दारातच जमिनीला हात लावून ‘अबोरू अबोये’ म्हटलं. बाबांनी बसल्या जागेवरून आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, जेवलात का? पराठे निघाले. त्यांनी एक खाल्ला, तिखट आहे म्हणाले आणि दुसरा मागून घेतला.

मी आधी फक्त बघणार होते, पण सोबत्यानं ढकललंच. बाबांनी चटई टाकली. तुझ्या मनात काय आहे ते मला सांगू नकोस, म्हणाले. हातात एक नोट घे, ओठांशी धर आणि तिला सांग. मी शंभर नायराच्या चुरगळलेल्या नोटेला मराठीत काहीतरी पुटपुटले. ती नोट त्यांनी चटईवर ठेवली आणि ओपेले काढला. ही एक साखळी असते, तिला एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार अशा वाळक्या बियांच्या आठ फाका. मधोमध धरून झुलवली आणि टाकली. फाक उताणी पडली की एक खूण, पालथी पडली की दोन. उजवी बाजू आधी वाचायची. मोठ्या प्रसंगी हेच काम ताडाच्या सोळा बियांनी करतात. सगळ्या बिया एका हातातून दुसऱ्या हातानं उचलायच्या. मागे एक उरली तर दोन रेघा, दोन उरल्या तर एक. असं आठ वेळा झालं की लाकडी तबकातल्या पिवळट भुकटीवर ओडू उमटतो.

मग ते म्हणायला लागले. डोळे अर्धे मिटलेले, आवाज चढा नाही, एका लयीत. पद्याचा साचा साधारण ठरलेला: अमक्या बाबालावोनं अमक्यासाठी इफा पाहिला, त्याला अमुक अर्पण करायला सांगितलं, त्यानं केलं किंवा केलं नाही, आणि पुढे असं असं झालं. सोबती कानाशी भाषांतर करत होता. तिसऱ्या पद्याला मी मान वर केली. बाबा लगेच थांबले. तुझं हेच, म्हणाले. ते कुणाला लागू पडतं हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं, बाबालावोनं नाही. त्यांना माझा प्रश्न शेवटपर्यंत कळला नाही, आणि कळून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. ज्योतिष्याकडे पहिल्या मिनिटाला “नोकरी की लग्न?” हा प्रश्न ऐकायची सवय असलेल्या मला हे नवीन होतं.

उपाय काय निघाला? गल्लीतल्या पोरांना अकारा वाटायचा. भिजवून वाटलेल्या चवळीचे हे तळलेले वडे. कोपऱ्यावरच्या बाईकडून टोपलीभर घेतले. पोरं कुठून कुठून आली देव जाणे, दहा मिनिटांत टोपली रिकामी. भाऊ म्हणाला, ताई, हे तर आपण कशालाही करतो.

बाबांच्या वाटेबद्दल मी दुपारी विचारलं, आणि तेव्हा ते जास्त मोकळे बोलले. वडीलही बाबालावो. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी बाळासाठी इफा पाहतात, तेव्हाच हा मुलगा पिशवी वाहील असं निघालं होतं. लहानपणीच दुसऱ्या गुरूकडे धाडलं. तिथे पहाटे अंगण झाडणं, रानातून पाला आणणं, गुरूची पिशवी घेऊन मागून चालणं. पद्य चुकलं की पहिल्यापासून. पण मिसरूड फुटलं तसे ते लागोसला पळाले, मशीनवर कामाला लागले. लग्न झालं, मुलं झाली, रविवारी चर्च. मग बायको गेली. झोप उडाली, दारू सुरू झाली, मशीनवर हात थरथरायला लागला. गोळ्या घेतल्या, त्यानं थोडं बरं वाटायचं. परत इफेला आले तेव्हा म्हातारा गुरू जिवंत होता. त्यानं ना ताईत दिला ना मंत्र. उद्या पहाटे पाला आण, एवढंच म्हणाला.

“वर्षभर मी कुणासाठी ओपेले टाकला नाही,” बाबा म्हणाले. “पाला आणला. अंगण झाडलं. विसरलेली पद्यं परत पाठ केली.”

झोप कधी परतली? त्यांनी हात उडवला. पाल्यामागे फिरून दमलेला माणूस झोपणारच, म्हणे. रक्तदाबाची गोळी ते अजून रोज घेतात. ती डबी ओपेलेच्या पिशवीतच असते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या बोलण्यात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली बऱ्याच योरुबांना येते. जन्माला येण्याआधी प्रत्येकजण अजाला नावाच्या कुंभाराकडे जातो आणि आपलं डोकं, ओरी, स्वतः निवडतो. अजाला उधारीत बुडालेला, कामचुकार. त्याच्या वखारीत कच्ची, तडकलेली डोकी भरपूर. खाली येताना वाटेत पाऊस लागतो आणि कच्चं डोकं झिजून जातं. तिघं मित्र गेले होते. त्यातल्या अफुवापेनं आधी इफा पाहिला, अर्पण केलं, आणि त्यालाच पक्कं डोकं मिळालं. इथवर ही नशिबाची गोष्ट आहे, आणि मला ती थोडी चिडवणारी वाटली. मग बाबांनी दुसरी सांगितली. एकदा सगळी डोकी बैठकीला जमली. मोठमोठे बेत आखले. पायांना कुणी बोलावलंच नाही. बैठक भांडणात मोडली. शेवटी पायांना आणलं तेव्हा कुठे काम तडीस गेलं. यावर ते खो खो हसले आणि आपल्या चिखलाच्या चपलांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ओशोग्बो. इथे ओशुन नदीकाठी ७५ हेक्टरची राखलेली राई आहे, २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. देवराई पाहिलेल्या मराठी माणसाला आत शिरताच ओळख पटते: तोच गारवा, तोडबंदीचा तोच धाक. फरक इतकाच की इथे झाडांमधून सिमेंटच्या अजस्र मूर्ती उभ्या आहेत, हात पसरलेल्या, डोळे वटारलेल्या. गावाची गोष्ट अशी की पाण्याच्या शोधात आलेल्या माणसांनी झाड तोडलं, ते नदीत पडलं, आणि आतून नदीची देवी ओशुन ओरडली, माझे निळीचे रांजण फोडलेत! मला ही देवी तिथेच आवडून गेली. गाऱ्हाणं कामाच्या भांड्यांचं.

ही राई आज दिसते तशी राहिली ती बऱ्याच अंशी एका परदेशी बाईमुळे. सुझान वेंगर, जन्म १९१५, ऑस्ट्रियातलं ग्राझ. चित्रकार. नवरा उल्ली बायर इबादानला शिकवायला आला, तिच्यासह, १९५० साली. थोड्याच दिवसांत तिला क्षयानं गाठलं. त्या दीर्घ आजारातून उठताना एडे गावच्या अजगेमो या, ओबाताला देवाच्या पुजाऱ्याशी तिची गाठ पडली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी त्यानं तिला दीक्षा दिली. पुढे ती इथेच राहिली, एका योरुबा ढोलवादकाशी लग्न केलं, मुलं दत्तक घेतली, आणि अडुन्नी ओलोरिशा म्हणून ओळखली गेली. तेव्हा राईचे हाल होते. देवळं पडलेली, मूर्ती चोरीला जात होत्या, काही भागातली झाडं तोडून सागवान लावलेला. वनखात्याची ही हौस सगळीकडे सारखीच. तिनं गवंडी, सुतार, लोहार जमवले. अडेबिसी अकांजी मूळचे गवंडीच. त्यांच्या हातचं सिमेंटचं जाळीकाम कुंपणाच्या भिंतीवर आहे आणि मूर्तींपेक्षा मला ते जास्त भावलं. कारागिरांत मुसलमानही होते, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. १९६५ मध्ये राईचा काही भाग राष्ट्रीय स्मारक झाला. २००९ मध्ये, त्र्याण्णव वर्षांची होऊन, ती ओशोग्बोतच वारली.

तिच्याबद्दल इथे एकमत आहे असं नाही. गोऱ्या बाईनं येऊन आमच्या देवांना आकार का द्यावा, असं आमच्या गाइडच्या मित्रानं तोंडावर विचारलं. प्रश्न खोटा नाही. पण पन्नासएक वर्षं सिमेंटमध्ये हात घालून बसलेल्या माणसाला पाहुणी म्हणणंही मला जड जातं.

घाटावर बायका कॅन घेऊन उतरत होत्या. मूल व्हावं, दुखणं जावं म्हणून हे पाणी नेतात. पाणी गढूळ आहे, मी प्यायले नाही. एका तरुणीनं चेहरा धुतला, फोनवर आईला काहीतरी सांगितलं आणि घाईनं निघाली, बहुधा दुकान उघडायचं असावं.

कुणाला जायचं असेल तर ऑगस्टमधल्या उत्सवात जा. अरुग्बा ही कुमारिका डोक्यावर अर्पणाचा भोपळा घेऊन नदीपर्यंत चालते आणि ती ठेचकाळू नये म्हणून अख्खं गाव श्वास रोखून असतं, असं सगळ्यांनी सांगितलं. गर्दी मात्र भयंकर, राहायची सोय महिनोन्‌महिने आधी बघा. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नायजेरियात शिरताना लागतं आणि भारतात परतताना आपलेही लोक विचारतात. फाटकापाशी “मी खरा पुजारी” म्हणत चिकटणाऱ्यांना हसून नाही म्हणा. रोख नायरा जवळ ठेवा, त्यातही सुट्टे, कारण राईच्या खिडकीवर कार्डाचं मशीन आमच्या वेळी तरी बंद होतं.