हुकूमशहा आणि त्याचे होयबा

21 डिसेंबर 1989 चं बुखारेस्टमधलं ते चित्रण आज परत पाहिलं. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू बाल्कनीतून बोलतोय. खाली पक्षाने गोळा करून आणलेले कामगार, हातात त्याच्याच तसबिरी. मध्येच गर्दीतून गलका उठतो. तो थबकतो, उजवा हात वर जातो आणि तसाच राहतो. मग माइकवर ‘अलो, अलो’, फोन कट झाल्यावर आपण करतो तसं. शेजारी त्याची बायको एलेना गर्दीला गप्प बसवायला बघते. जरा शांत झाल्यावर हा काय करतो, तर पगारवाढ जाहीर करतो! दुसऱ्या दिवशी छतावरून हेलिकॉप्टरने पळाला.

मला त्या पगारवाढीचं नवल वाटत राहिलं. लोक चिडलेत म्हटल्यावर त्याला सुचलं ते एवढंच, भाव वाढवून द्या.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट केगनच्या मांडणीत हे बरोबर बसतं. माणूस मोठा झाला तरी मन टप्प्याटप्प्याने घडत राहतं, पण सगळ्यांचं सारखं नाही, असं तो म्हणतो. त्याच्या दुसऱ्या टप्प्यावरच्या मनाला समोरचा माणूस एक तर उपयोगाचा दिसतो, नाही तर आडवा येणारा. निष्ठा हासुद्धा सौदाच. शाळकरी वयात हे स्वाभाविक असतं. काहींचा मुक्काम मात्र तिथेच पडतो. तिसऱ्यावर माणूस आपल्या माणसांच्या नजरेने स्वतःकडे बघायला लागतो. चौथ्यावर स्वतःची मूल्यं स्वतः ठरवतो, पाचव्यावर त्या मूल्यांच्याही मर्यादा त्याला दिसतात. (हे वाचणारा प्रत्येक जण स्वतःला चौथ्यावर बसवतो. पाचव्यावर बसवायची लाज वाटते म्हणून.)

लांबून कुणाला टप्पा चिकटवणं धोक्याचंच. न तपासता सार्वजनिक व्यक्तीचं निदान करू नये, असा अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा 1973 पासूनचा नियम आहे. शिवाय वरचा टप्पा म्हणजे चांगुलपणा नव्हे. स्वतःचं तत्त्वज्ञान पक्कं करून थंड डोक्याने माणसं मारणारेही असतात, आणि ते जास्त भयंकर.

तरी एक उपयोग दिसतो. ज्याला सगळंच सौदा वाटतं, त्याच्यापुढे नीतीचे दाखले म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पड खाल्ली की तो आणखी पुढे सरकतो, शिव्या घातल्या तर त्याला हवं तेच भांडण मिळतं. त्याला कळते ती किंमत. न्यायालय, तिजोरीची चावी, ‘हा हुकूम बेकायदा आहे, मी सही करणार नाही’ म्हणणारा अधिकारी. आवाज न चढवता, दर वेळी तेच.

पण खरा प्रश्न त्याचा नाहीच, त्याच्या मागे उभ्या असलेल्यांचा आहे. त्यातले कितीतरी जण तिसऱ्या टप्प्यावरचे असणार. त्यांच्यापुढे पुरावे ठेवले की त्यांना ऐकू येतं, ‘आपल्या माणसांना सोड.’ मानसशास्त्रज्ञ मिलग्रमच्या प्रयोगात, प्रयोग घेणारा अधिकारी सांगतो म्हणून, 40 पैकी 26 जणांनी समोरच्याला 450 व्होल्टपर्यंत झटके दिले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. पुढे एका फेरीत शेजारी बसवलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत गेले 40 पैकी फक्त 4. अधिकारी तोच, यंत्र तेच. बदललं ते एवढंच की आपल्यातलंच कुणीतरी ‘नाही’ म्हणालं. म्हणून विरोधकांच्या शंभर भाषणांपेक्षा त्याच गोटातल्या एकाचं हळूच ‘हे काही मला पटलं नाही’ मला मोलाचं वाटतं.

मावसभाऊ असल्याच एका नेत्याचा भक्त. त्याला बातम्यांच्या लिंक पाठवणं मी बंद केलंय. परवा नुसतं विचारलं, ‘त्याचं तुला न पटलेलं काही आहे का रे?’ बराच वेळ टाइप करत होता. मग आलं, ‘आहे ना. पण ग्रुपवर बोलायची सोय नाही.’ फोन लावला. नेत्याचा विषय जेमतेम निघाला; बाकी सगळा वेळ ग्रुपमध्ये कोण काय म्हणेल, हेच.