पुराचे पाणी, गाडीचे इंजिन आणि अडलेला क्लेम

गाडीचा विमा दुरुस्तीचे पैसे केव्हा देतो, याचे उत्तर पॉलिसीच्या कागदात स्पष्ट छापलेले असते. तेच उत्तर विमा कंपनीच्या क्लेम विभागाकडून वदवून घेताना मात्र माझा जीव मेटाकुटीला आला. त्या मनस्तापाची आठवण अजून ताजी आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जुलै 2024 मध्ये कोल्हापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि नदीचे पाणी शाहूपुरीच्या सखल भागात शिरले. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये उभी असलेली माझी पेट्रोल गाडी बॉनेटच्या वरपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर दारांच्या आतल्या पॅनेलवर चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती. त्या रेघेचे, नंबरप्लेटसह, मी लगेच फोटो काढले आणि पुढे तेच फोटो सर्वांत उपयोगी पडले. कंपनीला कळवणे, टोइंगने गाडी वर्कशॉपमध्ये नेणे आणि सर्व्हेअरची (नुकसानीची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाची) पहिली पाहणी हे सारे विनासायास पार पडले.

अडले ते इंजिनाच्या खर्चावर. वर्कशॉपच्या एस्टिमेटमधील सीट, कार्पेट आणि वायरिंग क्लेम विभागाने मान्य केले. इंजिनाची प्रत्येक ओळ मात्र ‘इंजिन प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन घेतलेले नाही, सबब परिणामजन्य नुकसान देय नाही’ या एका वाक्याने खोडली. (इंजिन प्रोटेक्ट म्हणजे पाण्याने बिघडलेल्या इंजिनाच्या खर्चासाठी जादा हप्ता भरून घ्यायचे वाढीव संरक्षण.) फोनवर दर वेळी वेगळी व्यक्ती भेटे आणि हेच वाक्य वाचून दाखवी. माझ्या इंजिनाचे नेमके काय झाले, हे विचारण्याची तसदी त्यांच्यापैकी कोणीही घेतली नाही, याचा मला आजही राग येतो.

वास्तविक सगळा मुद्दा तोच होता. पुरामुळे थेट झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत समाविष्ट असते. वगळलेले असते ते परिणामजन्य नुकसान, म्हणजे पुरानंतरच्या एखाद्या कृतीमुळे झालेले, आणि त्याचे नेहमीचे उदाहरण असे, की पाणी शिरलेल्या इंजिनाला मालक सेल्फ मारतो, पाणी हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन त्याच्यावर अडतो आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. मी किल्ली लावलीच नव्हती. ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवर, म्हणजे डिपस्टिकवर, आलेले ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते, म्हणजे पाणी आत गेले होते यात शंका नव्हती. परंतु ते बंद इंजिनात गेले होते.

हे सिद्ध कसे करायचे, ते वर्कशॉपमधील एका जुन्या मेकॅनिकने सांगितले. सर्व्हेअर समोर असल्याशिवाय इंजिन उघडायचे नाही, असे त्यांनी मला बजावले आणि स्वतःही ते पाळले. सर्व्हेअर पुन्हा आले तेव्हा त्यांच्यासमोर इंजिनाचे वरचे झाकण (हेड) आणि खालचे ऑइलचे भांडे (संप) काढले गेले, चारही कनेक्टिंग रॉड बाकावर ओळीने मांडले गेले आणि प्रत्येकाला पट्टी लावून तपासण्यात आले. चारही सरळ होते. सिलिंडरच्या भिंतींवर फक्त गंज चढला होता. सर्व्हेअरनी ते अहवालात नोंदवले. तरीही क्लेम विभागाने जुनेच वाक्य पुन्हा पाठवले. तेव्हा मी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागितली (ती मागण्याचा विमाधारकाला अधिकार आहे) आणि रॉडविषयीची नोंद उद्धृत करून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ई-मेलने तक्रार केली. उत्तर न आल्यास विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर आणि 30 दिवसांनंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन, असेही त्यात स्पष्ट लिहिले. लोकपालांकडे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. तिथवर जाण्याची वेळ आली नाही. इंजिनाचा खर्च मान्य केल्याचे पत्र आले आणि तो कागद हातात घेताना मला मनापासून अभिमान वाटला.

मान्य म्हणजे पूर्ण रक्कम नव्हे, हेही सांगायला हवे. माझ्याकडे झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापला जाण्याचे अ‍ॅड-ऑन, नव्हते. गाडी तीन ते चार वर्षांच्या दरम्यानची असल्याने धातूच्या सुट्या भागांवर 25 टक्के घसारा कापला गेला, रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर 50 टक्के. काचेवर घसारा लागत नाही. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपयांची सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची रक्कम) आहे, तीही गेली. ज्यांच्याकडे केवळ थर्ड पार्टी विमा आहे, त्यांना स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी काहीच मिळत नाही. आमच्याच पार्किंगमधील एका शेजाऱ्यांना हे पुरानंतर समजले, याचे फार वाईट वाटले.

किरकोळ खरचटल्याचा क्लेम करण्यापूर्वी नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, हिशेब करावा, कारण पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत गेलेली सवलत एका क्लेमने जाते. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी नूतनीकरणाच्या वेळी इंजिन प्रोटेक्ट अवश्य घ्यावे. मी आता घेतले आहे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती: गाडी ताब्यात घेताना वर्कशॉप ‘काम समाधानकारक झाले’ अशा व्हाउचरवर सही मागते. ती सही करण्याआधी बिलातील प्रत्येक ओळ मंजुरीपत्राशी ताडून पाहावी आणि गाडी एकदा चालवूनही पाहावी.