गोदेची काळी वाळू

रविवारी गोदाकाठी लेकीने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पिशवीत गुंडाळून वाळूत फिरवलं. वर काढलं तर त्याला काळ्या कणांची दाढीच फुटलेली! हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकाला चिकटणारं ऑक्साइड, आपल्या बेसॉल्टमधून (काळ्या कातळातून) झिजून आलेलं. घरी ग्रिलचा गंज खरवडून तेच केलं. तांबडी पूड जेमतेम हलली. गंज म्हणजे पाणी धरलेलं फेरिक ऑक्साइड. लोहाची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, २ तर फेरस, ३ तर फेरिक. मॅग्नेटाइटमध्ये दोन्ही आहेत: ४ ऑक्सिजनमागे १ फेरस, २ फेरिक. म्हणून ते फेरोसोफेरिक ऑक्साइड. हे नाव पाठ करायला लावण्याआधी मुलांना ती दाढी दाखवा हो! लेकीने पिशवी उलटी करून काळे कण बाटलीत भरले, चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहिलं.