हात परत यायला चेता किती लागते?

सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचा तुटलेला हात परत येतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण त्याच हाताकडे जाणारी चेता (नर्व्ह) खांद्यापाशी कापून ठेवली तर जखम भरते आणि खुंट तसाच राहतो. पायाच्या बाबतीत असंच काही ट्वीडी टॉड या ब्रिटिश वैद्याने १८२३ मध्येच नोंदवलं होतं. त्यावरून वाटतं की चेतेतून 'हात बनव' असा काही निरोप जात असणार. तसं नाही. कुठलं बोट कुठे यायचं, हे मुख्यतः खुंटातल्या संयोजी ऊतीच्या, म्हणजे इतर ऊतींना जोडून आधार देणाऱ्या ऊतीच्या, पेशी ठरवतात. चेतेचं काम त्या पेशींची संख्या वाढती ठेवण्याचं.

याचा भक्कम पुरावा मार्कस सिंगर या संशोधकाने १९४० च्या दशकात न्यूट या सॅलॅमँडरच्या प्रकारावर दिला. दंडात छाटलेल्या हाताला सगळे चेतातंतू लागत नाहीत. साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे शाबूत असले तरी हात येतो, त्याखाली गेलं की थांबतो. तंतू संवेदी (संवेदना नेणारे) की प्रेरक (स्नायू हलवणारे), याला महत्त्व नाही. एकटे संवेदी तंतू पुरतात, कारण ते मुळातच जास्त असतात. एकटे प्रेरक कमी पडतात, पण त्यांची संख्या वाढवली की तेही चालतात. पुढे तर मेरुरज्जूपासून तोडलेली संवेदी पेशींची गाठ नुसती खुंटात बसवली, तरी वाढ टिकली. म्हणजे मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचा इथे संबंध नाही.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे, कारण चुकीचे निष्कर्ष निघतात ते इथेच. प्राणी नीतिसमितीची परवानगी आधी. दार्जिलिंगकडचा हिमालयी न्यूट संरक्षित आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही. प्रयोगशाळेत वाढलेले ७ ते १० सेंमीचे ॲक्सोलॉटल (सॅलॅमँडरचाच एक प्रकार) घ्यावेत. भुलीसाठी एमएस-२२२ चं ०.१ टक्का द्रावण वापरतात. ते आम्लधर्मी असतं, म्हणून खाण्याच्या सोड्याने सामू (पीएच) ७ ते ७.४ वर आणल्याशिवाय प्राणी त्यात सोडू नये, नाहीतर त्वचेला दाह होतो. काखेत छोटा छेद द्यायचा. मेरुरज्जूतून हाताकडे येणाऱ्या मेरुचेता ३, ४ आणि ५ या पांढऱ्या, चमकदार दोऱ्यांसारख्या दिसतात. तिन्ही कापायच्या, आणि नुसत्या कापायच्या नाहीत, तर प्रत्येकीचा एक-दोन मिमी तुकडा काढून टाकायचा. शेजारूनच रोहिणी, म्हणजे हाताला रक्त पुरवणारी वाहिनी, जाते. ती दुखावली तर हात रक्ताअभावी काळा पडतो, आणि 'चेता नाही म्हणून वाढ नाही' असं खुशाल लिहून टाकलं जातं! म्हणून दुसऱ्या हातावर नुसता छेद देऊन, चेता उघडी करून, ती न कापता छेद बंद करायचा. ही तुलना नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही.

शुद्धीवर आल्यावर हात लुळा लोंबतो का आणि बोट चिमटीत धरल्यावर हलतं का, ते पाहावं. हललं तर एखादी शाखा सुटली आहे. मग दंडात छाटणी. मऊ ऊती आक्रसून हाड बाहेर डोकावतं, ते सपाट छाटून घ्यावं; नाहीतर जखमेची त्वचा नीट मिटत नाही. कापलेली चेता स्वस्थ बसत नाही, पुन्हा वाढत येते. दर आठवड्याला चिमट्याची चाचणी घ्यावी आणि गरज पडली तर पुन्हा कापावी. उशिरा सुरू झालेली वाढ बघून 'चेतेविनाही हात आला' असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा चेता परतलेली असते.

चेता कधी कापली यावर निकाल फिरतो. छाटणीच्या आधी किंवा लगेच कापली, तर जखम त्वचेने झाकली जाते पण ब्लास्टेमा, म्हणजे वाढणाऱ्या पेशींचा उंचवटा, तयार होत नाही. कोवळ्या अळीत, म्हणजे सॅलॅमँडरच्या पिल्लावस्थेत, तर उरलेला खुंटही विरघळत मागे जातो. ब्लास्टेमा चांगला वाढल्यावर कापली, तर बोटांसकट हात येतो, पण लहान.

उलट दिशेचा, म्हणजे चेता काढण्याऐवजी आणून देण्याचा, प्रयोग मला जास्त पटतो. एंडो, ब्रायंट आणि गार्डिनर यांनी २००४ मध्ये तो मांडला. दंडाच्या पुढच्या बाजूची त्वचा चौकोनात काढायची, खालचा स्नायू न दुखवता. नुसती जखम भरून जाते. तिथे चेतेचं कापलेलं टोक वळवून आणलं तर उंचवटा येतो आणि पुढे जिरतो. त्यात दंडाच्या मागच्या बाजूची त्वचाही बसवली तर जादा हातच उगवतो. बिघडतं ते बहुधा चेतेचं टोक जखमेतून मागे सरकल्यामुळे. ते पुरेसं लांब सोडवून घ्यावं.

चेता नेमकं देते काय? लंडनमध्ये ब्रॉक्स यांच्या गटाने २००७ मध्ये न्यूटमधलं एनएजी हे प्रथिन दाखवलं. ते आधी चेतातंतूंवर आवरण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशींत, मग जखमेच्या त्वचेतल्या ग्रंथींत दिसतं आणि चेता कापली की दोन्हीकडून नाहीसं होतं. त्याचं जनुक चेताहीन खुंटात घातलं, तेव्हा बोटांपर्यंत वाढ झाली. ॲक्सोलॉटलमध्ये बीएमपी आणि एफजीएफ गटातल्या प्रथिनांचं मिश्रणही चेतेची जागा घेतं.

आणि एक जुनं कोडं: भ्रूणावस्थेत चेता पोहोचूच दिली नाही, अशा हाताला पुन्हा उगवायला चेता लागतच नाही. १९५९ मध्ये यंटेमा या संशोधकाने हे दाखवलं. त्या हातात नंतर चेता शिरू दिली की काही दिवसांत तो तिच्यावर अवलंबून होतो. मग ती कापली की वाढ बंद.