लिनक्सवर डोंगलवालं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर चालवलं, त्याचा माझा अनुभव

मालवणात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, आंगणेवाडीच्या जत्रेचे बॅनर, आणि मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांची लेबलं. तर ऐन आंब्याच्या सीझनला जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला. सेकंडहँड पीसी घेतला, त्यावर विंडोज 10 होतं, त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपलेला, आणि 11 टाकायला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते ती ह्या मशीनमध्ये नाही. भाचा म्हणाला, मामा, मिंट टाकूया. मिंट म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. टाकलं. प्रिंटर, वायफाय, नेट सगळं आपसूक चाललं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते डोंगलबद्दल. म्हणजे मराठी टायपिंगच्या त्या विकतच्या सॉफ्टवेअरसोबत जो यूएसबीचा लॉक येतो ना, तो. लॉक लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही.

आता कोणीतरी विचारणारच की युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर) जमान्यात हे जुनं सॉफ्टवेअर कशाला, लिनक्सवर मराठी तर फुकटात मिळतं. बरोबर आहे, नवीन काम मी पण इंकस्केप ह्या फुकटच्या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडात करतो. पण माझ्याकडे वर्षानुवर्षांच्या पेजमेकरच्या (पान मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फायली पडल्यात, सगळ्या जुन्या फाँटमधल्या. त्या फाँटात 'क' हा खरा 'क' नसतोच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी 'क' चं चित्र बसवलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीची जागा वेगळी. लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरची फाईल उघडतं, पण फाँट नसला की बागायतदाराचं नाव वाचताच येत नाही. आणि बागायतदाराला 'गेल्या वर्षीसारखंच' लेबल हवं असतं, एक काना इकडेतिकडे चालत नाही.

पहिल्यांदा वाईन लावून बघितलं. सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं, स्क्रीन पण आली, आणि मग मेसेज, लॉक सापडत नाही. वाईन विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं, पण डोंगलचा जो ड्रायव्हर असतो तो विंडोजच्या पोटात, कर्नलमध्ये बसणारा, त्याचं वाईनमध्ये सहसा जमत नाही. तेव्हा डोंगलवालं काही असेल तर वाईनच्या मागे लागून वेळ घालवू नका, सरळ व्हर्च्युअलबॉक्स टाका (ते लिनक्सच्या आत एक नकली कॉम्प्युटर उभा करतं, त्याला व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम म्हणतात) आणि आत विंडोज 7. माझ्याकडे 7 ची विकत घेतलेली पेटी होती, 32-बिट आणि 64-बिट दोन्ही डीव्हीडीवाली. मशीन 64-बिटचं म्हणून 64 चीच घातली, कोणीही तेच करेल.

आणि इथे अडकलो. लिनक्सच्या टर्मिनलात एलएसयूएसबी (lsusb, यूएसबीला काय लावलंय ते दाखवणारी कमांड) टाकलं की डोंगल दिसतोय, व्हर्च्युअलबॉक्सने तो आत दिलाय, विंडोजला पण 'काहीतरी लावलंय' एवढं कळतंय, पण ड्रायव्हर टाकला की एरर. कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. आधी बराच वेळ म्युझिक. मग एक मुलगी, 'सर, डोंगल नंबर सांगा.' सांगितला. 'सर, इनव्हॉइस मेल करा.' अहो, बिल कधीचं, माळ्यावरच्या ट्रंकेतून काढलं, अर्धं वाळवीने खाल्लेलं, फोटो काढून पाठवला. मग एक फॉर्म आला, त्यात ऑपरेटिंग सिस्टीम निवडायची, तर एक्सपी, 7, 8, 10, बस. मी 7 निवडलं, खोटं काहीच नव्हतं, आत 7 च होतं.

मग दुपारी फोन येणार म्हणाले. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे ढग आले की लाईट गेलीच, त्या दिवशीही गेली, इन्व्हर्टरवर कसंबसं मशीन चालू ठेवून बसलो. फोन आला संध्याकाळी. त्या पोराने स्क्रीन शेअर करायला लावली आणि बाहेरचं मिंट बघून म्हणतो, 'सर, हे काय आहे? तुमचं स्टार्ट बटन कुठेय?' मी म्हटलं अरे बाबा, त्या खिडकीच्या आत विंडोज आहे, तिथे बघ. तर, 'सर, हे सपोर्टेड नाही, तुम्ही नवीन व्हर्जन घ्या.' आणि तक्रार बंद! नव्या व्हर्जनचा भाव सांगायला मात्र लगेच वेगळ्या माणसाचा फोन. तिकडे देवगडचा गिऱ्हाईक दारात, 'काय रे, लेबलां कधी गावतली? आंबो पिकान जाईत.'

परत फोन, परत नवीन माणूस, परत डोंगल नंबरपासून. कोणी म्हणे डोंगल खराब झालाय, कोणी म्हणे व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतच नाही. दोन्ही साफ खोटं. शेवटी मीच सॉफ्टवेअरची सीडी उघडून ड्रायव्हरचा फोल्डर बघितला, आत फक्त 32-बिटचा ड्रायव्हर. 64-बिट विंडोजवर 32-बिटचे प्रोग्रॅम चालतात पण 32-बिटचा ड्रायव्हर चालतच नाही. झालं! सगळं भांडण एवढ्यावरच. 64 वालं व्हीएम उडवलं, दुसरी डीव्हीडी घातली, ड्रायव्हर टाकला, डोंगल लावला आणि सॉफ्टवेअर उघडलं. 'तुमचा डोंगल 32-बिटचा आहे' हे एक वाक्य त्यांच्यापैकी कोणाला सांगता आलं नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि नवीन व्हर्जन मी घेणार नाही, हे त्यांच्या सेल्सवाल्याला पण सांगितलंय.

आता आठवेल तसं सांगतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबीची यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, तुमचा लिनक्सचा युजर व्हीबॉक्सयूजर्स (vboxusers) ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआऊट करून परत या, नुसती खिडकी बंद करून उपयोग नाही. व्हीएमच्या सेटिंगमध्ये यूएसबी 3 निवडू नका, विंडोज 7 ला त्याचा ड्रायव्हर मुळातच नाही, जुन्या डोंगलला 1.1 पुरतं. तिथेच डोंगलचा यूएसबी फिल्टर करून ठेवा म्हणजे दरवेळी हाताने जोडायला नको. व्हीएमचं नेट बंदच ठेवा, 7 चा सपोर्ट 2020 च्या जानेवारीतच संपलाय. सगळं चालायला लागलं की लगेच स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर व्हीएम त्याच स्थितीला परत आणता येतं. प्रिंट मी आतून देत नाही, फाँट एम्बेड करून पीडीएफ काढतो, शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतो आणि मिंटवरून छापतो, रंग पण बरे येतात असं मला वाटतं.

आणि हो, हे खरंतर आधी सांगायला हवं होतं. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना ओळख न पटलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतं, तो कागदावर लिहा. रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, ती थोडे सेकंदच थांबते, तेवढ्यात कुठलंही बटन दाबून एनरोल एमओके (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरची की मशीनला ओळखीची करून द्यायची) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. तेव्हा चहाला उठलात तर व्हीएम सुरूच होणार नाही, कर्नल ड्रायव्हर नाही म्हणून ओरडेल, आणि ती एमओके की परत इम्पोर्ट करून परत रीस्टार्ट मारावं लागेल.